घरबांधणी, ग्रामीण
ग्रामीण भागातील कुटुंबाने स्वतःच्या राहण्यासाठी, स्वतःच्या देखरेखीखाली आणि गावातील वा आसपासच्या कारागिरांच्या हातून केलेले घराचे बांधकाम. या प्रकारच्या बांधकामात नकाशा काढणारा वास्तुशिल्पज्ञ, आकडेमोड करणारा अभियंता आणि काम अंगावर घेणारा ठेकेदार हे तिघेही बहुधा नसतात. त्यांची कामे घरमालक व मुख्य गवंडी म्हणजेच मिस्त्री आपसांत वाटून घेतात. पायाची खोली, खांबांची संख्या, सळयांची जाडी, सिमेंटचे प्रमाण इत्यादींविषयीचे निर्णय प्रत्यक्ष जागेवर व पूर्वानुभवाच्या आधारे घेतले जातात. दगड-माती व लाकूड ही सामग्री असेपर्यंत हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. सिमेंट-काँक्रीटच्या बाबतीत तो तुलनेने अपुरा आहे, आणि काँक्रीटमधील बहुतेक दोष बांधकाम पूर्ण झाल्यावर गिलाव्याखाली झाकले जातात. त्यामुळे या विषयाची शास्त्रीय माहिती घरमालकास असणे महत्त्वाचे ठरते.

प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्याच्या उत्तर सीमेकडील भोकरदन तालुका व त्यातील धावडा यांसारख्या गावांच्या परिस्थितीच्या संदर्भात या बांधकामाचे विवेचन केले आहे. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) आहे. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ असून त्याखाली मुरूम व खडक लवकर लागतो. नदी-नाल्यांच्या खोऱ्यांत मात्र काळ्या चिकण मातीचे जाड थर आढळतात. उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व अवर्षणाच्या वर्षी पाण्याची तीव्र टंचाई भासते. २०१२-१३ च्या दुष्काळाची झळ जालना जिल्ह्यास विशेष बसली होती. जमीन, दगड, ऊन व पाणी या चार गोष्टींवर येथील घराचा टिकाऊपणा बव्हंशी अवलंबून असतो.

पारंपरिक पद्धती : लाकडी खांबांच्या आधारे छत पेलावे व मातीच्या भिंतींनी आडोसा करावा, ही रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८२ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील घरांचे अवशेष मिळाले. त्यांत मातीच्या बुटक्या भिंती व खांब रोवण्याचे खड्डे स्पष्टपणे ओळखता आले. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत या नगरातील दात्यांचे उल्लेख येतात, यावरून या परिसरातील नागरी वस्तीची प्राचीनता लक्षात येते.

अलीकडच्या काळापर्यंत मराठवाड्यात प्रचलित असलेले घर म्हणजे माळवदाचे किंवा धाब्याचे घर. यात दगडी उथळ्यांवर सागाचे वा बाभळीचे खांब उभे करून त्यांवर तुळया टाकतात. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा फांद्यांचा दाट थर, त्यावर पालापाचोळा व चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर असतो. दोन खांबांमधील सु. दीड मी. अंतराला खण म्हणतात. घराचे मोजमाप खणांतच सांगितले जाई व तीन खणांचे, पाच खणांचे असे घराचे वर्णन केले जाई. लाकडी चौकटीभोवती दगड-मातीच्या भिंती रचीत. त्यांची जाडी ६० सेंमी. पासून एक मी. वा त्याहूनही अधिक असे. भिंतीचे बाहेरचे व आतले असे दोन थर घडीव किंवा ओबडधोबड दगडांनी रचून मधली पोकळी दगडांच्या कपच्या व मातीने भरीत. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पसरीत. जुना थर मात्र बहुधा काढला जात नसे.

उन्हाळ्यात गारवा व थंडीत ऊब देणारे, गावातील सामग्रीतून उभे राहणारे आणि गावच्याच सुतार, वडार, बेलदार व गवंडी यांच्या कौशल्यावर चालणारे हे घर अनेक दृष्टींनी सोयीचे होते. त्याचा मुख्य दोष छताच्या वजनात होता. उदा., ९ मी. लांब व ६ मी. रुंद घरावर वर्षानुवर्षे माती पडून माळवदाची जाडी ४५ सेंमी. झाली, तर केवळ त्या मातीचे वजन सु. ४० टन भरते. तेवढ्याच घरावरील १२·५ सेंमी. जाडीच्या काँक्रीटच्या छताचे वजन सु. १७ टन असते. अर्थात जड दिसणारे काँक्रीट प्रत्यक्षात जुन्या माळवदाच्या निम्म्याहूनही हलके असते.

किल्लारीच्या भूकंपानंतर : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. त्याची तीव्रता ६·२ ते ६·३ इतकी मोजली गेली. या भूकंपात सु. ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य मृत्यू झोपेत असताना दगड-मातीच्या भिंती व माळवदाची माती अंगावर कोसळून झाले. किल्लारीचा परिसर तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात गणला जाई. भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील आवृत्तीत पहिला विभाग दुसऱ्यात विलीन करण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात टाकण्यात आला [→ भूकंप].

तज्ञांच्या पाहणीत एक महत्त्वाची गोष्ट आढळली. अनेक ठिकाणी भिंती पूर्णपणे ढासळल्या असताना आतील लाकडी चौकट उभी राहिली होती. भिंतींचे दोन थर एकमेकांस सांधणारे आरपार दगड नव्हते. त्यामुळे हादऱ्यांनी मधला भराव पसरून दोन्ही थर सुटे झाले व बाहेर फुगून पडले. कोपऱ्यांत भिंती एकमेकींत नीट गुंफलेल्या नव्हत्या. अर्थात दोष दगडाचा नसून रचनेचा होता. परंतु लोकांच्या मनातून दगड उतरला आणि काँक्रीट म्हणजे सुरक्षितता असे समीकरण रूढ झाले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याखेरीज सु. दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी शासकीय अर्थसाहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन घेऊन स्वतःच केले. गावोगावी नेमलेल्या संवाद साहाय्यक स्त्रियांनी ही माहिती घराघरांत पोहोचविली. माळवदावरील जादा माती उतरविणे, खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरपे लाकडी आधार देणे, भिंतीस आरपार छिद्रे पाडून त्यांत सळईसह काँक्रीट भरणे आणि दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा बांधणे, हे त्यांतील प्रमुख उपाय होत. १९९३ मध्येच भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांसाठी १३८२७ व कमी बळाच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी १३८२८ या क्रमांकांची मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. दगडी भिंतीची जाडी ४५ सेंमी. पेक्षा अधिक नसावी आणि उंचीत दर ६० सेंमी. वर व लांबीत जास्तीत जास्त १·२ मी. अंतराने आरपार दगड असावा, असे त्यांत सांगितले आहे.

जागा व पाया : बांधकाम सुरू करण्यापूर्वी जागेच्या मालकीची नोंद व ग्रामपंचायतीची परवानगी पाहणे आवश्यक असते. गावठाणातील मिळकतीची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. गावठाणाबाहेरील शेतजमिनीवर घर बांधताना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील (१९६६) तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात.

काळी माती हा येथील पायाचा मुख्य शत्रू होय. या मातीत माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजे असतात. पावसाळ्यात ती पाणी शोषून फुगते व घरास वर उचलते. उन्हाळ्यात ती आकसून तिला खोल भेगा पडतात व पायाखालचा आधार सुटतो. घराचा मधला भाग झाकलेला असल्याने तेथील ओलावा फारसा बदलत नाही, बाहेरील कडांचा मात्र दर ऋतूत बदलतो. या असमान हालचालीमुळे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. अशा भेगा गिलावा करून बुजविल्या, तरी पुढील उन्हाळ्यात पुन्हा उघडतात. कारण त्यांचा उगम भिंतीत नसून जमिनीत असतो.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे काळी माती पूर्णपणे ओलांडून पाया कठीण मुरुमावर किंवा खडकावर टेकविणे. त्यासाठी खोदकामापूर्वी जागेच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन थरांची खोली पाहतात. घराचा एक कोपरा मुरुमावर व दुसरा काळ्या मातीवर असणे हे संपूर्ण घर काळ्या मातीवर असण्यापेक्षाही वाईट, कारण दोन्ही भागांची हालचाल निरनिराळी होते. काळी माती फार खोल असल्यास रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेल्या काँक्रीटच्या स्थूणा वापरतात. त्या सु. ३·५ मी. खोल, म्हणजे ऋतुमानानुसार ओलावा बदलत नाही अशा थरापर्यंत नेतात. हे शक्य नसेल तेथे पायाच्या चरात खाली व दोन्ही बाजूंस मुरूम पाणी मारून, थराथराने धुमसून भरतात. खोदलेली काळी माती जोत्यात पुन्हा भरणे ही सार्वत्रिक परंतु घातक चूक आहे. त्यामुळे काही वर्षांत फरशी उचलली जाते किंवा खचते. घराभोवती सु. एक मी. रुंदीचा बाहेर उतरता फरसबंद पट्टा केल्यास आणि न्हाणीचे व पन्हळीचे पाणी गटारातून दूर नेल्यास पायाजवळील ओलावा बराच स्थिर राहतो. मोठे वाढणारे वृक्ष घराच्या अगदी जवळ लावू नयेत, याचेही कारण हेच.

काँक्रीट : सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांचे मिश्रण म्हणजे काँक्रीट. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक विक्रियेतून जो पदार्थ बनतो, तो वाळू व खडीच्या कणांना जखडून ठेवतो. काँक्रीट वाळून कठीण होते ही समजूत चुकीची आहे. ते पाण्याच्या सान्निध्यात घट्ट होते. अवेळी वाळल्यास त्याची वाढ खुंटते [→ काँक्रीट].

सलोह काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ च्या २००० मधील आवृत्तीनुसार किमान एम २० ही प्रत आवश्यक आहे. १५ सेंमी. बाजूच्या घनाकृती नमुन्याचे २८ दिवसांनंतरचे दाबबल दर चौ. मिमी. ला २० न्यूटन असावे, असा त्याचा अर्थ होतो. ग्रामीण भागात यासाठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी हे घनफळाचे प्रमाण वापरतात. घमेल्यांचे आकार निरनिराळे असल्याने व ती कधी सपाट, तर कधी शीग लावून भरली जात असल्याने घमेल्याचे माप भरवशाचे नसते. सिमेंटच्या ५० किग्रॅ. च्या पोत्याचे घनफळ सु. ३५ लिटर असते. आतून ४० सेंमी. लांब, ३५ सेंमी. रुंद व २५ सेंमी. उंच अशी लाकडी पेटी बरोबर तेवढ्या मापाची होते. एका पोत्यास दीड पेटी वाळू व तीन पेट्या खडी घेतल्यास प्रमाण बिघडत नाही. ओली वाळू फुगलेली असते. तिचे घनफळ २० ते ३० टक्क्यांनी अधिक भरत असल्याने ती तेवढी जास्त घ्यावी लागते.

मिश्रणातील पाण्याचे प्रमाण ही काँक्रीटच्या बळाची किल्ली होय. सौम्य परिस्थितीतील सलोह काँक्रीटात पाण्याचे वजन सिमेंटच्या वजनाच्या ०·५५ पटीपेक्षा अधिक नसावे, म्हणजे एका पोत्यास २७·५ लिटरपेक्षा अधिक पाणी नको. वाळूतील ओलावाही यातच धरावयाचा असतो. रासायनिक विक्रियेस लागते त्यापेक्षा जादा असलेले पाणी पुढे उडून जाते व मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. मिश्रण सहज पसरावे म्हणून मजूर पोत्यामागे एक बादली, म्हणजे सु. १० लिटर पाणी वाढवितात. त्यामुळे बळ साधारणतः एक-तृतीयांशाने घटते. तेवढे बळ गमाविणे म्हणजे सिमेंटवर केलेल्या खर्चाचा मोठा भाग वाया घालविणे होय. सिमेंटचे प्रमाण राखून पाणी वाढविणे आणि पाणी राखून सिमेंट चोरणे या दोहोंचा परिणाम अखेर सारखाच होतो.

काँक्रीट पाणी घातल्यापासून सु. अर्ध्या तासाच्या आत ओतून, सळईने किंवा कंपकाने ठासून बसवावे लागते. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते मऊ करणे वर्ज्य आहे. नीट न ठासलेल्या काँक्रीटमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात. खांबाच्या तळाशी व तुळईच्या सांध्यांत, जेथे सळयांची गर्दी असते, तेथे त्या विशेषत्वाने आढळतात.

पाणी देण्याचा कालावधी साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस व राखमिश्रित सिमेंटसाठी किंवा उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस असतो. येथेच या प्रदेशातील खरी अडचण उद्‌भवते. रब्बीचे पीक घरात आल्यावर हाती पैसा असतो, शेतीची कामे थांबलेली असतात व पावसाळ्यापूर्वी डोक्यावर छत हवे असते. म्हणून गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ हाच बांधकामाचा मुख्य हंगाम ठरतो. नेमक्या याच काळात ऊन सर्वांत तीव्र व विहिरींचे पाणी सर्वांत कमी असते. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात नव्या खांबांवर दिवसातून तीन वेळा पाणी मारणे अवघड असते आणि ते बहुधा दोन-तीन दिवसांतच थांबते. पाया, जोते व खांब यांचे काम दिवाळीनंतरच्या थंडीत उरकून छताचे काम तेवढे पुढे ठेवणे हा यावरचा व्यवहार्य मार्ग आहे. उन्हाळ्यात काम करावे लागल्यास ओतकाम सायंकाळी करावे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधावा आणि छतावर मातीची वा सिमेंटची छोटी आळी करून त्यांत पाणी साठवावे. अशा रीतीने थोड्या पाण्यात काम भागते.

सांगाडा : घराचे वजन जमिनीपर्यंत नेण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत भिंतीच वजन पेलतात. दुसरीत खांब व तुळया यांचा सांगाडा वजन पेलतो व भिंती केवळ आडोसा करतात. जुन्या खणांच्या घरात दुसरीच रीत होती. काँक्रीटच्या सांगाड्याने लाकडाची जागा घेतली एवढेच. मात्र लाकडी चौकटीत सांधे सैल असून ते थोडे हलू शकत. काँक्रीटच्या सांगाड्याचे सर्व बळ सांधा ताठ व एकसंध असण्यावर अवलंबून असते.

खांब दिसले की घर पक्के, अशी सार्वत्रिक समजूत आहे. प्रत्यक्षात एकमजली घरास सांगाडा अपरिहार्य नसतो. चांगल्या विटांच्या किंवा दगडांच्या सिमेंटमध्ये रचलेल्या भिंती, जोते, दारांची वरची पातळी व छत या तीन पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया एवढ्याने असे घर पुरेसे मजबूत होते. पट्ट्याची जाडी किमान ७·५ सेंमी. असून त्यात दोन सळया व त्यांना जोडणाऱ्या आडव्या कड्या असतात. पट्टा कोठेही तुटता कामा नये. पेटीच्या कडेस बांधलेल्या पट्टीप्रमाणे तो चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो. याउलट, कमी सळयांचे, पोकळ्या राहिलेले व पाणी न दिलेले खांब असलेला सांगाडा दिसावयास आधुनिक असला, तरी अशा घरापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो. तिसरी एक मधली रीतही आहे. तीत भिंती आधी दातेरी कडा सोडून रचतात व मग त्या कडांमधील जागेत सळया उभ्या करून खांब ओततात. त्यामुळे भिंत व खांब एकजीव होतात, साच्याच्या फळ्याही कमी लागतात.

सांगाडाच करावयाचा असेल, तर सळयांची आकडेमोड सोडून चालत नाही. ग्रामीण भागात खांबाची रुंदी भिंतीच्या जाडीएवढी, म्हणजे २३ सेंमी. ठेवण्याकडे कल असतो. २३ × ३० सेंमी. च्या खांबाचे क्षेत्रफळ ६९,००० चौ. मिमी. होते. मानकानुसार उभ्या सळयांचे क्षेत्रफळ त्याच्या किमान ०·८ टक्के, म्हणजे ५५२ चौ. मिमी. हवे. १२ मिमी. व्यासाच्या चार सळया घातल्यास ते केवळ ४५२ चौ. मिमी. भरते, सहा सळया घातल्यास ६७८ चौ. मिमी. होते. म्हणजेच चार सळयांचा रूढ खांब किमान निकषालाही उतरत नाही. जालना शहर हे सळया तयार करणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र असल्याने या भागात सळई सहज मिळते. ती मानकचिन्हांकित आहे किंवा नाही, हे मात्र पाहून घ्यावे लागते. सळईचे वजन पडताळण्याची सोपी रीत अशी : व्यासाच्या (मिमी. मधील) वर्गास १६२ ने भागल्यास दर मी. चे वजन किग्रॅ. मध्ये मिळते. यानुसार १२ मिमी. सळई दर मी. ला ०·८९ किग्रॅ. व ८ मिमी. सळई ०·३९५ किग्रॅ. भरते.

उभ्या सळयांभोवतीच्या कड्या, ज्यांना व्यवहारात रिंगा म्हणतात, त्या खांबाला फुटून पसरू देत नाहीत. त्यांतील अंतर मध्यभागी १५ सेंमी. व वरच्या-खालच्या टोकांजवळ १० सेंमी. ठेवणे इष्ट असते. रिंगेची टोके काटकोनात न वाकविता १३५° त वळवून काँक्रीटच्या गाभ्यात खुपसावी लागतात, अन्यथा भूकंपात त्या उघडतात. सळईवरील काँक्रीटचे आवरण खांबास ४० मिमी., पायास ५० मिमी. व छतास २० मिमी. असावे. त्यासाठी आधीच बनवून पाणी दिलेले सिमेंटचे ठोकळे सळईखाली ठेवतात. दगडाच्या कपच्या निसटतात व सळई साच्याला टेकते. अशी सळई काही वर्षांत गंजते, गंजाने तिचे आकारमान वाढते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्याप्रमाणे सुटून पडते. पुढे मजला चढवावयाचा म्हणून छतावर वर्षानुवर्षे उघड्या सोडलेल्या सळयांचीही हीच गत होते. त्यांना सिमेंटचा पातळ लेप देऊन दुबळ्या काँक्रीटात झाकून ठेवणे हितावह असते.

छत : छताच्या मुख्य सळया मधल्या भागात खालच्या बाजूस असतात, कारण तेथे ताण खाली पडतो. छज्जाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलटी असते. छज्जा एका बाजूनेच धरलेला असल्याने ताण वरच्या बाजूस येतो व मुख्य सळयाही वरच हव्यात. ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायांखाली त्या दबून तळाशी जातात आणि साचा काढताच किंवा काही काळाने छज्जा कोसळतो. त्यामुळे छज्जाच्या सळया उंच धरणाऱ्या आधारांची पाहणी ओतण्यापूर्वी व ओतताना, अशी दोनदा करावी लागते.

५४ चौ. मी. क्षेत्रफळाच्या, १२·५ सेंमी. जाडीच्या छतास ६·७५ घ. मी. काँक्रीट लागते. दर घ. मी. ला सु. ८ पोती या हिशोबाने सिमेंटची सु. ५४ पोती होतात. हा हिशोब मालकाने आधी मांडून ठेवल्यास ओतकामाच्या दिवशी प्रत्यक्षात किती पोती रिकामी झाली, यावरून मिश्रणाचे प्रमाण राखले गेले किंवा कसे, हे कळते. छत शक्यतो एका दिवसात सलग ओतावे. साच्याखालील टेकू ४·५ मी. पर्यंतच्या गाळ्यास किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस काढू नयेत, ६ मी. पर्यंतच्या तुळईखाली ते १४ दिवस ठेवावे लागतात. साच्याचे भाडे दिवसावर असल्याने ते लवकर काढण्याचा मोह होतो. त्यातून वाचणारी रक्कम व पत्करलेला धोका यांचे प्रमाण अतिशय विषम आहे.

ज्यांना काँक्रीटचे छत परवडत नाही, ते भिंतींवर लोखंडी पत्रे टाकतात. पत्र्याचे वजन अत्यल्प असल्याने भूकंपात ते तुलनेने सुरक्षित असतात. परंतु वळवाच्या वादळात वारा त्यांना वर उचलतो. पत्र्यांवर ठेवलेले दगड वादळात खाली पडून स्वतःच अपघातास कारण होतात. त्याऐवजी पत्रे आकड्यांनी कैचीस व कैची भिंतीवरील काँक्रीटच्या पट्ट्यास बोल्टने जखडणे हा योग्य उपाय होय.

अर्थसाहाय्य व खर्चाचा क्रम : ग्रामीण भागातील दुर्बल घटकांसाठी इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौ. मी. करण्यात आले आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. त्याशिवाय ग्रामीण रोजगार हमीखाली ९० दिवसांची मजुरी देण्याची तरतूद करण्यात आली. रक्कम बांधकामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होते. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदारामार्फत नव्हे, हे या योजनांचे मूळ सूत्र आहे. त्यामुळे बांधकामाची जबाबदारी व त्याची गुणवत्ता सांभाळण्याचे काम दोन्ही कुटुंबाकडे येतात.

अपुऱ्या रकमेत घर बांधणाऱ्या कुटुंबास कशावर आधी खर्च करावा, हे ठरवावे लागते. रंग, फरशी, गिलावा, दारांची नक्षी या गोष्टी पुढे केव्हाही करता येतात वा बदलता येतात. पाया, जोत्याचा पट्टा, खांबातील सळया व काँक्रीटला दिलेले पाणी यांत राहिलेली उणीव नंतर भरून काढता येत नाही, अथवा भरून काढण्याचा खर्च मूळ खर्चाच्या अनेक पट होतो. व्यवहारात क्रम पुष्कळदा उलटा लागतो. कारण आलेल्या-गेलेल्याच्या नजरेस पहिल्या गोष्टी पडतात, दुसऱ्या जमिनीत व भिंतीत गाडल्या जातात. पाया भरताना, खांबांच्या सळया बांधून झाल्यावर आणि छत ओतण्यापूर्वी, अशा तीन वेळी तालुक्याच्या ठिकाणच्या अभियंत्याकडून पाहणी करून घेतल्यास येणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो व बहुतेक गंभीर चुका तेव्हाच लक्षात येतात.

ग्रामीण घर एकदाच पुरे होत नाही. आधी एक खोली, मग ओसरी, पुढे मुलाच्या लग्नाच्या सुमारास दुसरी खोली व कालांतराने मजला, असे ते कुटुंबाबरोबर वाढते. यासाठी पहिल्या पायाच्या वेळीच पुढील वाढीचा साधा नकाशा काढून ठेवणे, त्यावर खांबांच्या जागा, पायाची खोली व सळयांची जाडी लिहिणे आणि तो कागद मिळकतीच्या कागदपत्रांसोबत जपणे उपयुक्त ठरते. जुना सुतार खण मोजून घराची क्षमता सांगू शके, कारण खांब व तुळया त्याच्या डोळ्यांसमोर असत. काँक्रीटच्या घराची क्षमता मात्र अशा नोंदीवाचून पुढच्या पिढीस कळण्याचे साधन राहत नाही.